तुडवणाऱ्याचे आडनाव

माझ्या लेकीने इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या एका वॉकर घराण्यात लग्न ठरवले, तेव्हा इचलकरंजीच्या आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती जावयाच्या आडनावाची. थोरल्या भावाने ‘व्हिस्कीच्या बाटलीवरचे वॉकर का?’ असे विचारून हशा मिळवला, आणि आत्याने ‘चालणारे, म्हणजे पूर्वी जासूद असतील’ असा निर्वाळा देऊन विषय मिटवला. आमचे स्वतःचे आडनाव पोतदार आहे. खजिन्यातली नाणी पारखणाऱ्याचे हे आडनाव मिरवणाऱ्या आमच्या घरात गेल्या तीन पिढ्यांत कोणी नाणे पारखलेले नाही. मी स्वतः इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापडावर चौतीस वर्षे काढली. त्यामुळे आडनावाचा अर्थ आणि ते लावणाऱ्या माणसाचे काम यांचा संबंध किती लवकर तुटतो, हे मला ठाऊक होते. ज्या कापडाच्या धंद्यात माझा जन्म गेला, त्याच धंद्यात जावयाच्या आडनावाचा उगम सापडेल, ही कल्पना मात्र मला नव्हती.

पहिल्यांदा लेकीकडे राहायला गेलो तेव्हा व्याह्यांनी दिवाणखान्यातली एक चौकट कौतुकाने दाखवली. तिच्यात ढाल, शिरस्त्राण आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘वॉकर’ असे नाव होते, आणि मागच्या कागदावर या घराण्याचे पूर्वज राजाच्या राखीव जंगलात फिरून पहारा करीत असत, असा मजकूर छापलेला होता. सहलीला गेले असताना एका भेटवस्तूंच्या दुकानातून त्यांनी ती घेतली होती. मी त्या वेळी काही बोललो नाही, पण मनात शंका राहिली, कारण इंग्लंडमध्ये वॉकर हे पहिल्या पंचवीस आडनावांत मोडणारे आहे आणि एवढ्या साऱ्या पहारेकऱ्यांना पुरतील इतकी राखीव जंगले त्या देशात असतील असे वाटेना. पुढे कळले की चिन्हांकित ढाल मुळात आडनावाला मिळतच नाही. ती एका व्यक्तीला दिली जाते आणि तिच्या वंशजांकडे वारशाने जाते; लंडनमध्ये 1484 पासून असलेले कॉलेज ऑफ आर्म्स हे काम पाहते आणि तेही हीच गोष्ट स्पष्ट सांगते. व्याह्यांच्या भिंतीवरची ढाल ही कोणा वेगळ्याच वॉकरची होती, किंवा कोणाचीच नव्हती.

हॅलिफॅक्सचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि अभिलेखागार एकाच इमारतीत आहे, आणि ती इमारत पीस हॉलला अगदी लागून आहे. पीस हॉल म्हणजे 1 जानेवारी 1779 रोजी उघडलेला कापडाचा बाजार. मोकळ्या चौकाभोवती 315 खोल्या आहेत, आणि आसपासच्या टेकड्यांवरचे विणकर हातमागावरचे ठाण पाठीवर किंवा खेचरावर लादून तेथे विकायला आणीत. रोज सकाळी मी त्या चौकातून ग्रंथालयात जाऊ लागलो. पहिल्या दिवशी आडनावांच्या कोशांचे जाडजूड खंड समोर आले आणि अर्ध्या तासात प्रश्नाचा निकाल लागला. वॉकर म्हणजे लोकरीचे विणलेले कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर.

‘वॉक’ या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ चालणे असा नव्हताच. लाट जशी उलटसुलट लोळते तसे घोळणे, लोळवणे असा होता. त्याच अर्थाने कापड घोळणारा तो ‘वेअल्केरे’ आणि पुढे ‘वॉकर’ झाला. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ या क्रियापदाचा कापड घोटणे हा अर्थ अजून जिवंत आहे. इंग्रजीत मात्र घोळण्यावरून फिरणे आणि फिरण्यावरून चालणे असा अर्थ सरकत गेला, मूळ धंद्यातला शब्द मागे पडला आणि आडनाव तेवढे उरले. आत्याचा निर्वाळा चुकला होता, पण पूर्ण चुकला होता असेही म्हणता येणार नाही, कारण तो कारागीर खरोखरच दिवसभर पाय चालवीत असे. एवढेच की तो एकाच हौदात चालत असे.

खरी गंमत पुढे होती. याच एका धंद्याची इंग्लंडमध्ये तीन नावे आहेत आणि तिन्हींची आडनावे झाली. उत्तरेत आणि पश्चिम मिडलँड्समध्ये वॉकर, आग्नेय आणि पूर्व भागात फुलर, आणि नैऋत्येकडे, विशेषतः डेव्हन व सॉमरसेट या परगण्यांत, टकर. फुलर हा लॅटिन ‘फुल्लो’वरून आलेला. 1881 च्या जनगणनेतील आडनावांचा नकाशा उघडून पाहिला, तर कोणी रंगाची वाटी हातात घेऊन देशाचे तीन भाग पाडावेत तसे दिसते. यॉर्कशर आणि लँकेशर वॉकरांनी भरलेले, ससेक्स, केंट, सफोक इकडे फुलर, आणि डेव्हन टकरांचे. रेल्वे येऊन माणसे इकडची तिकडे झाली होती, तरी पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलींची सीमा आडनावांनी जागेवर धरून ठेवली होती. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात 1471 मध्ये बांधलेला टकर्स हॉल अजून उभा आहे, तो विणकर, कापड घोटणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाचा.

टकरच्या व्युत्पत्तीपाशी मी बराच वेळ थांबलो. जुन्या इंग्रजीतले ‘तुकिअन’ म्हणजे छळणे, हाल करणे. कोशात हा अर्थ आणि त्याच्या पुढे कापड घोटण्याचा अर्थ असे शेजारी शेजारी दिलेले पाहून माझ्या डोळ्यांसमोर एकदम आपला ‘तुडवणे’ हा शब्द आला. कुंभार माती तुडवतो, आणि चोर सापडला की गाव त्यालाही तुडवून काढते. आपल्याला या दोन अर्थांमध्ये काही विसंगत वाटत नाही, त्याचप्रमाणे डेव्हनच्या लोकांनाही वाटले नसावे. वॉकर, फुलर, टकर या तिन्हींना मराठीत एकच नेमका शब्द द्यायचा तर मी ‘तुडवणारा’ असाच देईन. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी फुलरच्या जागी ‘परीट’ घातला आहे. ते समजण्यासारखे आहे, कारण येशूच्या वस्त्रांच्या शुभ्रतेचा तो संदर्भ आहे आणि आपल्याकडे तुडवण्याचा वेगळा धंदा करणारी जात नाही. पण परीट मळलेले कापड धुऊन परत देतो, आणि वॉकरकडे यायचे ते कापड अजून कोणी अंगावर घातलेलेच नसायचे.

हे काम प्रत्यक्षात काय होते, हे मला कापडवाला म्हणून समजून घ्यायचे होते. आमच्याकडे सगळा कारभार सुताचा, आणि सुती कापडाला हा संस्कार लागत नाही. लोकरीच्या तंतूवर मात्र बारीक खवले असतात. ओले, गरम आणि सतत रगडले जाणारे तंतू या खवल्यांनी एकमेकांत अडकतात, सुटत नाहीत, आणि कापड आटत जाते. मागावरून उतरलेले लोकरीचे ठाण विरळ आणि तेलकट असते, कारण कातताना लोकरीला तेल किंवा लोणी लावावे लागे. ते तेल काढण्यासाठी आंबलेले मूत्र वापरीत. त्यातल्या अमोनियाने तेल सुटे. घरोघरचे मूत्र पिंपांत साठवून ते गोळा करण्याची पद्धत यॉर्कशरमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. त्यानंतर एक विशिष्ट माती लावून कापड रगडायचे. तिला इंग्रजीत या कारागिराचेच नाव आहे, फुलर्स अर्थ. हे वाचून मी संध्याकाळी घरी आलो आणि लेकीच्या न्हाणीघरातली मुलतानी मातीची पुडी उचलून पाहिली. पुडीवर इंग्रजीत नेमके तेच नाव छापलेले होते. आपण जी चेहऱ्याचे तेल काढायला लावतो, तीच माती इंग्लंडमधल्या सरे आणि बेडफर्डशर या परगण्यांत खणून काढून कापडाचे तेल काढायला वापरली जात असे.

पाय जाऊन यंत्र आले ते फार लवकर. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या मालमत्तेची जी मोजणी 1185 मध्ये झाली, तिच्यात लीड्सजवळच्या न्यूसम येथे पाण्यावर चालणारी कापड घोटण्याची गिरणी नोंदलेली आहे. कातणे आणि विणणे यांना यंत्र मिळायला त्यापुढे जवळजवळ सहाशे वर्षे लागली, पण तुडवण्याचे काम बाराव्या शतकातच पाणचक्कीने उचलले. इंग्रजीत दळणाच्या ठिकाणालाही ‘मिल’ आणि कापडाच्या कारखान्यालाही ‘मिल’, याचे एक कारण येथे आहे, कारण एकाच ओढ्यावर एक चाक धान्य दळी आणि दुसरे कापड कुटी. तो दुहेरी अर्थ जहाजाने मुंबईला आला आणि आपण तो जसाच्या तसा उचलला. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, तेव्हा तिच्यात कोणी काही दळणार नव्हते, तरी ती ‘गिरणी’च झाली, आणि तेथून गिरणगाव आणि गिरणी कामगार.

असे यंत्र मी लीड्सच्या आर्मली मिल्स या औद्योगिक संग्रहालयात पाहिले. माणसाच्या उंचीच्या लाकडी चौकटीत दोन प्रचंड मोगरी बसवलेल्या असतात. त्यांची डोकी बैलाच्या मस्तकाएवढी, आणि खालच्या बाजूला पायऱ्यांसारखे दाते. पाण्याच्या चाकाने एक मोगरी उचलली जाते आणि सुटते, मग दुसरी. समोरचा हौद सपाट नसून आतून गोलाई दिलेला असतो, आणि त्यातच सारी खुबी आहे. मोगरीच्या ठोशाने कापड नुसते चेपत नाही, तर गोलाईवरून वर सरकून उलटून पडते, त्यामुळे पुढचा ठोसा नव्या जागी बसतो. हे यंत्र पायाची नक्कल करते, हे मला त्या दात्यांकडे पाहून उमगले. टाच आणि चवडा यांच्यामध्ये जो खळगा असतो, तसाच त्या दात्यांमध्ये होता. हौदाच्या आतल्या लाकडाला हात लावला तर ते काचेसारखे गुळगुळीत लागले. जावई बाजूला उभा होता. त्याने खिशातून हात काढून तेवढीच जागा बोटाने चाचपली आणि काही न बोलता पुढे गेला.

घोटलेले कापड रुंदीत तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक आटते, आणि वाळताना आणखी वेडेवाकडे होते. म्हणून ते ओले असतानाच लांबलचक लाकडी चौकटीवर ताणून बसवीत. या चौकटीला टेंटर म्हणत, आणि तिच्या वरच्या व खालच्या दांडीला काटकोनात वाकवलेले टोकदार खिळे असत. त्यांत कापडाची किनार अडकवून खालची दांडी ओढून बसवली की कापड सरळ होई. ज्या लॅटिन धातूवरून हे नाव आले तो आणि आपला ‘ताणणे’मधला संस्कृत ‘तन्’ एकाच मुळाचे आहेत. इंग्रज माणसाचा जीव या टेंटरच्या खिळ्यांवर असतो, तेव्हा मराठी माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. मी मात्र वाक्प्रचारापेक्षा वेगळ्याच गोष्टीने थक्क झालो. आमच्या प्रोसेस हाउसमध्ये मी सतरा वर्षे स्टेंटरवर होतो. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवर पिना, पिनांत अडकवलेली किनार, आणि गरम हवेच्या कक्षांतून ठरावीक रुंदीला ताणून बाहेर येणारे कापड, असे ते यंत्र असते. यॉर्कशरच्या टेकडीवर उन्हात उभी असलेली ती लाकडी चौकट आणि आमचे ते यंत्र यांत फरक फक्त वाऱ्याच्या जागी बर्नर आल्याचा आहे.

1720 च्या दशकात इंग्रज लेखक डॅनियल डेफो हॅलिफॅक्सच्या बाजूने प्रवास करीत होता, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरापाशी त्याला अशी चौकट आणि तिच्यावर ताणलेले कापड दिसले. कापड असे रात्रंदिवस उघड्यावर असल्यामुळे चोरीची भीती मोठी होती, आणि त्यावर हॅलिफॅक्सने काढलेला उपाय भयंकर होता. साडेतेरा पेन्स किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरताना जो सापडे, त्याचे डोके तेथल्या गिबेट या यंत्राच्या पात्याखाली उडवले जाई. शेवटची शिक्षा 1650 मध्ये झाली, आणि त्या दोघांवरच्या आरोपांत टेंटरवरचे कापड चोरल्याचा आरोप होता. गिबेट स्ट्रीटवर त्या यंत्राची प्रतिकृती उभी आहे. लेकीचे घर तेथून चालत दहा मिनिटांवर आहे.

एवढे झाल्यावर आडनावाचा अर्थ निश्चित झाला, पण व्याह्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो योग्यच होता. त्यांनी विचारले, ‘हे सगळे वॉकरांचे झाले, आमचे काय?’ मग आम्ही दोघांनी मिळून त्यांची वंशावळ मागे न्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. विवाहाच्या दाखल्यावर वर आणि वधू या दोघांच्या वडिलांचे नाव व धंदा असतो, त्यामुळे एका दाखल्याने एक पिढी मागे जाता येते. आईचे नाव त्या दाखल्यावर यायला 2021 साल उजाडावे लागले, आणि विहीणबाईंनी याबद्दल जे मत व्यक्त केले ते येथे देण्यासारखे नाही. त्याच्या जोडीला दर दहा वर्षांची जनगणना असते. 1841 पासून 1921 पर्यंतची पाने कोणालाही पाहता येतात.

दोन आठवड्यांत आम्ही 1851 पर्यंत पोचलो. तेथे व्याह्यांचा एक पूर्वज हातमागाचा विणकर म्हणून सापडला, आणि त्याचे दोन मुलगे सतरंज्या विणणाऱ्या गिरणीत कामाला होते. तुडवण्याचा मागमूस नव्हता. त्याचेही कारण आहे: अठराव्या शतकात हॅलिफॅक्सचा भाग हळूहळू वर्स्टेड कापडाकडे वळला, आणि लांब धाग्याच्या विंचरलेल्या लोकरीच्या त्या कापडाला घोटण्याची फारशी गरज नसते.

त्यानंतर माझ्या अडाणीपणामुळे तीन आठवडे वाया गेले. 1841 च्या जनगणनेत त्या विणकराचे वय 45 लिहिलेले होते, म्हणून मी 1796 च्या आसपासच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी धुंडाळत बसलो. त्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचे, असा नियम होता, हे मला शेवटी अभिलेखागारातल्या एका बाईंनी सांगितले. 45 म्हणजे 45 ते 49 यांतले काहीही. 1851 मध्ये त्याचे वय 59 लिहिलेले होते, आणि ते पान माझ्याच वहीत होते. मी ते नीट पाहिले नव्हते.

1837 च्या आधीचा काळ चर्चच्या नोंदवह्यांचा. अशा वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा आहे, आणि अगदी जुनी पाने ज्या लिपीत लिहिलेली आहेत ती पाहून मला माझ्या आजोबांच्या मोडी कागदपत्रांची आठवण झाली. त्या लिपीत ‘एच’ची शेपटी ओळीखाली जाऊन वळते, ‘ई’ उलटा वाटतो, आणि कारकून घाईत असला की सगळे अक्षर एकाच सुरात वाहत जाते. 1754 नंतरच्या विवाहनोंदींत वधूवरांच्या सह्या असतात. आमच्या विणकराच्या आजोबांच्या, म्हणजे जॉन वॉकरच्या, नावापुढे सही नव्हती. कारकुनाने नाव लिहून मधोमध जागा सोडली होती आणि तिच्यात शाईची एक तिरकी फुली होती, एक रेघ जाड, दुसरी बारीक, जणू बोरू मध्येच कोरडा पडला. आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’ असते, तशी ही त्यांची. व्याह्यांनी ती फुली पडद्यावर मोठी करून बराच वेळ पाहिली.

त्याच जॉनपाशी आमची गाडी अडली. विवाहाच्या वेळच्या वयावरून त्याचा जन्म 1742 च्या सुमाराचा, आणि त्या भागात अकरा महिन्यांच्या अंतराने दोन जॉन वॉकरांचा बाप्तिस्मा झालेला होता. दोघांच्याही वडिलांचे नाव जॉनच. त्यांतल्या एकाची नोंद फेब्रुवारी 1741 ची आहे, पण 1752 पर्यंत इंग्लंडचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, म्हणून ते आपल्या हिशेबाने 1742 ठरते. हे लक्षात येईपर्यंत मी मोठ्याला धाकटा आणि धाकट्याला मोठा समजत होतो. शिवाय 1743 मध्ये ‘जॉन वॉकरचा मुलगा जॉन’ याच्या दफनाची नोंद आहे, पण वाडीचे नाव नाही. दोघांपैकी एक लहानपणीच गेला, आणि दुसरा व्याह्यांचा पूर्वज. गेलेला कोणता, हे त्या ओळीवरून ठरत नाही. एका जॉनचे वडील कापडाचा धंदा करणारे म्हणून नोंदलेले आहेत, दुसऱ्याच्या वडिलांचा धंदा दिलेलाच नाही. मन साहजिकच पहिल्याकडे ओढते, आणि म्हणूनच मी त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले.

ही साखळी सांधली तरी ती पहिल्या तुडवणाऱ्यापर्यंत पोचेल, अशी आशा मी व्याह्यांना दाखवली नाही. उत्तर इंग्लंडमध्ये सामान्य लोकांची आडनावे वंशपरंपरागत व्हायला चौदाव्या शतकाचा शेवट आणि काही ठिकाणी त्याहून जास्त काळ लागला, आणि जेथे जेथे लोकरीचे कापड होते तेथे तेथे कोणीतरी ते तुडवणारा होताच. वॉकर हे एक कूळ नाही. शेकडो गावांत, एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या माणसांना हे नाव पडले. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात तर गेलिक भाषेत ‘तुडवणाऱ्याचा मुलगा’ असे नाव लावणाऱ्या काही घराण्यांनी नंतर त्याचे भाषांतर करून वॉकर हे आडनाव घेतले. ज्या दुकानदाराच्या नावाची ती प्रसिद्ध बाटली, तो स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकचा. 1908 मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने त्या बाटलीसाठी टोपी घालून ढांगा टाकणारा माणूस काढला आणि आडनावाचा चुकीचा अर्थ जगभर पोचवला. माझ्या भावाचा विनोदही त्याच चित्रातून आलेला.

एक आधार मात्र उरतो. 1379 मध्ये इंग्लंडने डोईपट्टी बसवली, तेव्हा साध्या माणसाला 4 पेन्स आणि कारागिराला बहुधा 6 पेन्स किंवा अधिक असा दर होता, म्हणून यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगच्या याद्यांत कारागिराचा धंदा नावापुढे लिहून ठेवलेला सापडतो. कर जास्त घ्यायचा तर कारण दाखवायला हवे. नाव वॉकर असून माणूस दुसरेच काही करतो की खरोखर कापड तुडवतो, हे पाहता येते ते या दोन पेन्सांच्या फरकामुळे. एकोणिसाव्या शतकात त्या याद्या छापल्या गेल्या, आणि मी त्या गावागणिक उतरवून घेत आहे. त्याशिवाय वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायसभेचे 1274 पासूनचे कागद लीड्सच्या विद्यापीठात आहेत, आणि त्यांत जमिनीचे हस्तांतर नोंदलेले असल्यामुळे दोन जॉनांपैकी घर कोणाला मिळाले हे तेथे सापडण्याचा संभव आहे.

भिंतीवरची ढाल विहीणबाईंनी उतरवून जिन्याखाली ठेवली आहे. तिच्या जागी व्याह्यांनी त्या फुलीची मोठी प्रत लावली आहे, आणि पुढच्या मे महिन्यात मी गेलो की पहिल्याच सोमवारी लीड्सला जायचे, असे त्यांनी फोनवर ठरवून टाकले आहे.